बुलबुल ते गाईड : चौथी-पाचवीमधला सांधा

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की स्थापनेचे साल, पदाधिकाऱ्यांची नामावली, झालेले मेळावे आणि मिळालेली पदके यांवर बहुधा काम भागते. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेला ७ नोव्हेंबर २०२५ रोजी ७५ वर्षे पूर्ण झाली, त्यामुळे अशा नामावल्यांना तोटा राहणार नाही. त्या लिहिणारे लिहितील. पाटणसारख्या डोंगरी तालुक्यातल्या वाचकाला मात्र या संस्थेच्या इतिहासातली एक वेगळी गोष्ट अधिक जवळची वाटायला हवी. गाईड चळवळीत मुलींचे तीन टप्पे आहेत : बुलबुल, गाईड आणि रेंजर. या टप्प्यांचे अभ्यासक्रम, बिल्ले, गणवेश, वचन आणि नियम यांवर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ विचार झाला. एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर मुलगी जाते कशी, तिला कोण नेऊन सोडते आणि तिकडे तिला कोण उतरवून घेते, यावर त्या मानाने फारच थोडा. माझे म्हणणे असे की या चळवळीची ग्रामीण भागातली खरी ताकद किंवा खरा अशक्तपणा बिल्ल्यांच्या संख्येवरून कळत नाही. तो कळतो चौथी आणि पाचवी यांच्यामधल्या त्या एका सांध्यावर. संस्थेचा इतिहास त्या सांध्यापाशी उभे राहून वाचला, तर तो सांधा ढिला का राहिला हेही कळते आणि घट्ट करण्याचा मार्गही दिसतो.

सुरुवातीपासून पाहू. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. चळवळ मुलांची होती. पण काही मुली आपल्या आपणच गणवेशासारखे कपडे घालून तिथे हजर झाल्या. त्यांना मुलांच्या पथकांत घेणे त्या काळच्या इंग्लंडात कोणाला मानवणारे नव्हते, आणि घरी पाठवावे तर त्या जाणाऱ्यांतल्या दिसत नव्हत्या. तेव्हा १९१० मध्ये स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी आपली बहीण ॲग्नेस हिच्याकडे मुलींची वेगळी संघटना सोपवली. ती गर्ल गाईड्स. म्हणजे पहिल्यांदा उभा राहिला तो मधला टप्पा. मग मोठ्या बहिणींचे पाहून धाकट्या हट्ट करू लागल्या, म्हणून १९१४ मध्ये त्यांच्यासाठी ‘रोझबड’ नावाचा गट निघाला. गुलाबाची कळी हे नाव मुलींना फारसे रुचले नाही. वर्षभरात ते बदलून ज्युलियाना होरेशिया युइंग यांच्या एका गोष्टीवरून ‘ब्राउनी’ झाले. गाईडचे वय उलटलेल्या मुलींचे काय, हा प्रश्न त्यानंतर आला आणि १९२० मध्ये त्यांना ‘रेंजर’ हे नाव मिळाले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी मधला मजला बांधला, मग त्याच्याखाली एक खोली काढली, मग वर माडी चढवली. जिना कोणी आखलाच नव्हता, तो नंतर जागा मिळेल तसा बसवला. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा प्रश्न प्रत्येक वेळी मागाहून सुचला, याचे मूळ इथे आहे.

त्या काळच्या इंग्लंडात या प्रश्नाला जे उत्तर शोधले गेले तेही बोलके आहे. ब्राउनीतली वरची परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी गाईड पथकात जाताना ‘उडून’ जाई. तिच्या गणवेशावर पंखांचे चिन्ह शिवले जाई आणि ते गाईड झाल्यावरही राही. जिची परीक्षा व्हायची राहिली ती ‘चालत’ जाई. मुलगी तीच, वय तेच, जायचे ठिकाण तेच. फरक एवढाच की एकीच्या बाहीवर पंख आणि दुसरीची बाही कोरी. गुणवत्तेला प्रोत्साहन म्हणून हे ठीक म्हणता येईल. पण नव्या जागी पाऊल टाकण्याच्या दिवशीच मुलींची अशी वाटणी करणे मला पटत नाही. ज्या मुलीला चालत पाठवायचे तिलाच खरे म्हणजे हात धरून नेण्याची गरज अधिक. आपल्याकडे या विधीचे ‘फ्लाइंग अप’ हे नाव टिकले आहे. त्यातली वाटणी मात्र टिकू नये. हीरक पंख, म्हणजे बुलबुलचा सर्वांत वरचा टप्पा, मिळालेली आणि न मिळालेली, दोघींनाही एकच विधी हवा.

हिंदुस्थानात गाईड चळवळ १९११ मध्ये जबलपूरला सुरू झाली, आणि ती प्रथम युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भारतीय मुलींना प्रवेश मिळू लागला. इथल्या धाकट्या मुलींच्या गटाला ब्राउनीऐवजी ‘ब्लूबर्ड’ म्हणत. १९२८ मध्ये गाईडांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा भारत तिच्या संस्थापक सदस्यांत होता. मुलांच्या बाजूला याच काळात बरीच ओढाताण चालली होती. ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे आपली स्वतंत्र संघटना काढली. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत सेवा समितीच्या नावाने दुसरी उभी केली. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन आली. स्वातंत्र्यानंतर या प्रवाहांना एकत्र करून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि गर्ल गाईड्स संघटना तिच्यात १५ ऑगस्ट १९५१ रोजी विलीन झाली. धाकट्या गटाचे नाव पुढे बुलबुल झाले. मुलांचे आणि मुलींचे टप्पे एकाच संस्थेत शेजारी शेजारी आले : कब आणि बुलबुल, स्काऊट आणि गाईड, रोव्हर आणि रेंजर. एकत्रीकरण कागदावर सुबक झाले. एका छत्राखाली आलेल्या या पथकांना मिळून ‘ग्रुप’ म्हणायचे आणि त्यावर एक ग्रुप लीडर नेमायचा, अशी रचना ठरली.

या ‘ग्रुप’च्या कल्पनेतच आपल्या प्रश्नाचे बीज आहे. ग्रुप म्हणजे एका जागी सगळे टप्पे, असे त्यात गृहीत धरले आहे. मुंबई-पुण्याच्या ज्या शाळेत बालवर्गापासून दहावीपर्यंत वर्ग भरतात तिथे हे सहज जमते. बुलबुलची फ्लॉक, म्हणजे त्यांचा गट, सकाळच्या अधिवेशनात, गाईडचे पथक दुपारच्या, मैदान एकच, आणि चौथीतली मुलगी गेली दोन वर्षे ज्या ताईंना निळ्या गणवेशात पाहत आली त्यांच्यातच ती जाते. तिला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पाटण तालुक्यात चित्र निराळे आहे. वाडीवस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा, तीही बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंत. पाचवीला मुलगी दुसऱ्या गावी, माध्यमिक विद्यालयात. आणि ते विद्यालय एखाद्या खासगी शिक्षण संस्थेचे. म्हणजे बुलबुलची फ्लॉक एका व्यवस्थेच्या हाताखाली आणि गाईडचे पथक दुसऱ्या व्यवस्थेच्या. दोघांची वार्षिक नोंदणी वेगळी, मुख्याध्यापक वेगळे, आणि दोघांच्या मध्ये एखादी नदी किंवा घाट. मुलगी चौथी पास झाली की फ्लॉक लीडरच्या वहीतून तिचे नाव कमी होते. ते दुसऱ्या कोणत्या वहीत चढले की नाही, हे पाहणे कोणाचेच काम नसते.

आता वयाचा योग पाहा. बुलबुलचे वय ५ ते १०, गाईडचे १० पासून पुढे. सहाव्या वर्षी पहिलीत बसलेली मुलगी चौथी संपवते तेव्हा ती दहा वर्षांची असते. म्हणजे संस्थेने टप्पा बदलण्याची जी रेघ आखली, नेमक्या त्याच रेघेवर पाटणच्या मुलीची शाळा बदलते, वाट बदलते, सोबत बदलते, आणि घरातली तिची कामेही वाढतात. धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी आणणे, सुगीच्या दिवसांत घर राखणे ही कामे दहाव्या वर्षी मुलीच्या अंगावर येऊन बसतात. तिच्या भावाच्या अंगावर तशी येत नाहीत. सरकारनेही हा सांधा आपल्या परीने ओळखलेला आहे. गरीब आणि मागास घटकांतल्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना प्राथमिक वर्गांपुरती होती, तर ग्रामीण मुलींना एसटीचा प्रवास मोफत करण्याची अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना पाचवीपासून सुरू होते. एक योजना जिथे थांबते तिथून दुसरी सुरू होते, कारण पाचवीची मुलगी पायी शाळेत जाऊ शकणार नाही हे सरकारला कळले होते. माध्यमिक शिक्षणाच्या दारातली फीची भिंत खाली आणण्याचे काम तर याच मातीतल्या माणसाने केले. पाटणचे बाळासाहेब देसाई राज्याचे शिक्षणमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना ई. बी. सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) फी-सवलत मिळाली आणि शेतकऱ्याचे पोर हायस्कुलात जाऊ लागले. फी गेली, पुढे बसचे भाडेही गेले. एवढे झाल्यावर जी अडचण उरते ती पैशाने सुटणारी नाही. नव्या शाळेत, पंधरा-वीस वाड्यांतून आलेल्या अनोळखी मुलींमध्ये, आपले असे कोणी आहे का? गाईडचा एक संघ या प्रश्नाचे उत्तर होऊ शकतो, आणि म्हणून बुलबुलची गाईड होणे हा केवळ संस्थेच्या सभासदसंख्येचा विषय राहत नाही.

बुलबुल आणि गाईड यांत फरक तरी काय, पाचवीत गेल्यावर आणखी थोडे अवघड तेच शिकायचे ना, असे पालकच काय, कित्येक शिक्षकही विचारतात. फरक मोठा आहे. बुलबुलच्या फ्लॉकचा सारा व्यवहार गोष्टीभोवती फिरतो. ताराची गोष्ट, बुलबुल झाडाभोवतीचे गाणे, सहा-सहा जणींचे सिक्स, आणि ‘कोशिश करो’ हे ब्रीद. कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख असे चार टप्पे. नियम दोनच कलमांचा : मोठ्यांचा मान राखायचा आणि स्वच्छ व नम्र राहायचे. इथे मध्यभागी फ्लॉक लीडर असते आणि मुली तिच्याकडे पाहून चालतात. सात-आठ वर्षांच्या मुलीला तेच हवे असते. गाईडच्या पथकात मध्यभागी कोणी मोठे माणूस नसते. सहा ते आठ मुलींचा एक संघ, त्यांच्यातलीच एक संघनायिका, सगळ्या संघनायिकांची मिळून मानसभा. शिबिरात कोणता संघ स्वयंपाक करील, कोणता पाणी भरील, एखादीने चूक केली तर काय करायचे, हे त्या मानसभेत ठरते आणि गाईड कॅप्टन तिथे सल्ल्यापुरती बसते. नियमही दोन कलमांवरून नऊ कलमांचा होतो : विश्वासूपणा, निष्ठा, सर्वांशी मैत्री, विनय, प्राणिमात्र आणि निसर्ग यांच्यावर प्रेम, शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, धैर्य, काटकसर, मनाची व आचाराची शुद्धता. दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट ठळक दिसते. बुलबुलच्या नियमात मोठी माणसे आहेत. गाईडच्या नियमात धैर्य आहे. ऐकणारी मुलगी ठरवणारी व्हावी अशी अपेक्षा या एका पावलात केलेली आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला ते पाऊल एकटीने टाकायला सांगणे रास्त नाही.

म्हणून तो फ्लाइंग अपचा विधी. तो नीट केला तर कसा दिसतो ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अनेक ठिकाणी तो भाषणांच्या गर्दीत हरवतो. एका बाजूला फ्लॉक गोल करून उभी. समोर गाईड पथक नालेच्या आकारात, उघडी बाजू फ्लॉककडे. मध्ये जमिनीवर चुन्याची एक रेघ किंवा दोरी. मुलगी आपल्या फ्लॉकमधल्या प्रत्येकीशी डावा हात मिळवते, वचन पुन्हा एकदा म्हणते, आणि फ्लॉक लीडर तिला हाताला धरून रेघेपर्यंत आणते. तिथे गाईड कॅप्टन थांबलेली असते. फ्लॉक लीडर मुलीचे नाव सांगते, ती फ्लॉकमध्ये किती दिवस होती आणि तिला काय चांगले येते ते दोन वाक्यांत सांगते, आणि हात सोडते. रेघ ओलांडताना मुलगी क्षणभर एकटी असते. पलीकडे कॅप्टन तिच्याशी हात मिळवते आणि लगेच एका संघनायिकेच्या हवाली करते. संघनायिका तिला आपल्या रांगेत नेऊन उभी करते. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम. त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य फ्लॉक लीडरचे असते. हिला काय येते, हे दुसऱ्या बाजूच्या माणसांसमोर जाहीरपणे सांगितले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जात आणि वर्तणूक असते. मुलीला गाठी पटकन जमतात की गाणी म्हणायला आवडते, हे तिथे लिहिलेले नसते.

यावरचा पहिला आक्षेप असा की हे सगळे देखाव्याचे आहे. समारंभांना आधीच तोटा नाही. आक्षेपात तथ्य आहे. पाहुण्यांची वाट पाहत मुली उन्हात ताटकळत उभ्या राहिल्या आणि विधी शेवटी घाईने उरकला, असे प्रकार होतात. पण देखावा वाईट म्हणून हवाली करण्याची कृतीच काढून टाकली, तर हवाली होणारी मुलगी मध्येच राहते. विधीतून व्यासपीठ काढून टाकावे, हार-तुरे काढून टाकावेत, प्रमुख पाहुणेही काढून टाकावेत. ती रेघ आणि दोन्ही बाजूंची दोन माणसे तेवढी ठेवावीत. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. पाचवीत नवोदयची परीक्षा, इंग्रजीचा धसका. त्यात गाईड कशाला? यावर उत्तर देताना उगाच मोठी वचने देऊ नयेत. गाईड झाल्याने गुण वाढतात असे मी म्हणणार नाही. पथकाची बैठक आठवड्याला एक असते, आणि शाळेच्या वेळापत्रकात तिला तास दिला तर घरचा वेळ जात नाही. एसटीवर अवलंबून असलेल्या मुलींसाठी तर बैठक शाळेच्या वेळातच व्हायला हवी, कारण पाचची गाडी चुकली तर पुढची कधी येईल ते चालकालाही सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो सुशिक्षितांकडून येतो : मुलींची वेगळी संघटना हीच कालबाह्य कल्पना, साम्राज्याच्या काळात निघालेली, मुलींना चांगल्या गृहिणी करण्याच्या हेतूने घडवलेली. इतिहास नाकारण्यात अर्थ नाही. १९१२ मध्ये ॲग्नेस यांच्या नावावर निघालेल्या पहिल्या गाईड पुस्तकाच्या शीर्षकातच मुलींनी साम्राज्य उभारायला हातभार कसा लावावा, हा विषय होता. परंतु संस्था जन्मली कशी यावरून ती आज काय करते हे ठरत नाही. नाहीतर रेल्वे, टपाल आणि आपले हायस्कूल या सगळ्यांनाच निरोप द्यावा लागेल. भारतात या चळवळीला बेझंट, मालवीय आणि कुंझरू यांनी आपल्या मातीत रुजवले, आणि १९५१ नंतर मुली व मुले एकाच संस्थेत, एकाच राष्ट्रीय चौकटीत आली. तरीही गाईड पथक मुलींचेच ठेवण्याला आज एक अगदी व्यवहारी कारण आहे. पथकात संघनायिका असते, उपनायिका असते, कोठाराची जबाबदारी असते, हिशेबाची वही असते. ही सारी पदे मुलींकडेच जातात, कारण तिथे दुसरे कोणी नसते. मिश्र वर्गात मॉनिटर कोण होतो आणि वर्ग झाडायला कोण राहते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. शिवाय बाई कॅप्टन असल्याशिवाय पाटणच्या किती घरांतून मुलीला रात्रीच्या शिबिराला पाठवतील, हाही विचार करावा. शाळेत पुढे आठवीपासून एन. सी. सी. आहे, तिचा मुलींचा विभाग १९४९ पासून आहे; पण तो सगळ्या शाळांत नसतो आणि आठवीपर्यंतची तीन वर्षे मोकळी राहतात. गळती होते ती याच वर्षांत.

चौथा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला सर्वांत मान्य आहे. दोन शिक्षकी शाळा, पट अठरा, त्यात मुली आठ, आणि त्याही चार वर्गांत विभागलेल्या. तिथे फ्लॉक कुठून आणायची? आणि शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे यांतून उरलेल्या वेळात बुलबुलचे पंख कोण शिकवणार? असा आक्षेप घेणाऱ्या शिक्षकाला आळशी ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. एकेका शाळेची फ्लॉक करण्याचा आग्रह सोडला पाहिजे, असे मला वाटते. महाराष्ट्रात दहा-बारा प्राथमिक शाळांचे एक केंद्र असते आणि त्यावर केंद्रप्रमुख. क्रीडा स्पर्धा केंद्रावर होतात, शिक्षण परिषदा केंद्रावर होतात. बुलबुलची फ्लॉकही केंद्रावर का होऊ नये? महिन्यातून एकदा केंद्रशाळेत जमणे, एरवी आपापल्या शाळेत दोघी-तिघींनी थोडेथोडे करणे. त्यात आणखी एक फायदा आहे. केंद्रशाळा बहुधा त्याच गावात असते जिथे माध्यमिक विद्यालय आहे. तारळे, मल्हारपेठ, ढेबेवाडी, मोरगिरी, चाफळ ही नावे घेतली की हे लगेच लक्षात येते. म्हणजे बुलबुल असतानाच मुलीला पुढची शाळा, तिचे फाटक, तिथली कॅप्टन आणि एखादी ओळखीची संघनायिका माहीत होते. सगळे टप्पे एकाच जागी असतील असे जे गृहीत धरले गेले, ते शहरात शाळेने पुरे केले. पाटणमध्ये ते केंद्राने पुरे करावे लागेल.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथे पाटणची हवा संस्थेच्या कॅलेंडरपेक्षा मोठी ठरते. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, म्हणून नव्या मुलींचे स्वागतही जून-जुलैत करण्याची सर्वत्र पद्धत. सांगली-मिरजेकडे ते चालेल. कोयनानगर, नवजा, हेळवाकच्या पट्ट्यात जून-जुलै म्हणजे ओढे-नाले भरलेले, साकव पाण्याखाली, गाड्या बंद. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडींनी घरेच्या घरे गाडली, हे विसरण्याइतके जुने नाही. पाचवीत नुकती गेलेली मुलगी या दिवसांत शाळेत पोचली तरी पुष्कळ. तिने पथकाच्या स्वागताला यावे ही अपेक्षा ज्याने पाटणचा पाऊस पाहिला तो करणार नाही. म्हणून फ्लाइंग अपचा विधी चौथीतच, २२ फेब्रुवारीच्या चिंतन दिनाच्या आगेमागे व्हावा. त्या दिवशी जगभरच्या गाईड एकमेकींची आठवण काढतात, हवा कोरडी असते, परीक्षा अजून महिन्या-दीड महिन्यावर असतात, आणि वाटा चालण्यासारख्या असतात. मुलगी तेव्हा चौथीतच असते, तिचे दहावे वर्ष कदाचित पुरे व्हायचे असते. त्यामुळे गाईडचा प्रवेश आणि दीक्षा पुढे नियमाप्रमाणे होईल. पण ओळख फेब्रुवारीत झालेली असली, तर जूनच्या पहिल्या ओल्या दिवशी हायस्कूलच्या पडवीत तिला नावाने हाक मारणारी कोणीतरी असेल.

पाटणच्या मुलीला गाईडचे शिक्षण उपयोगाचे कितपत, हे तर इथल्या जमिनीनेच पुन्हा पुन्हा दाखवले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने तालुका हादरला. त्यानंतर भूकंपाचे लहानमोठे धक्के हा इथल्या आयुष्याचा भागच झाला. सोपान म्हणजे गाईडच्या प्रगतीच्या पायऱ्या; त्यांतल्या द्वितीय आणि तृतीय सोपानात जे प्रथमोपचार, बांधणीच्या गाठी, तात्पुरते स्ट्रेचर करणे, होकायंत्र आणि नकाशा वाचणे शिकवतात, ते दुसरीकडे बिल्ल्यासाठी असेल. इथे ते घराघरात लागणारे आहे. ‘तयार’ हे ब्रीद पाटणला कोणी नव्याने समजावून सांगायची गरज नाही. पण सोपान चढायला मुलगी पथकात टिकली पाहिजे, आणि तृतीय सोपानापर्यंत पोचायला तिला सलग काही वर्षे लागतात. आठवीत येऊन गाईड झालेल्या मुलीचे सुरुवातीच्या पायऱ्यांतच बरेच दिवस जातात. राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार यांच्या याद्यांत डोंगरी तालुक्यांची नावे विरळ दिसत असतील, तर मुलींच्या कुवतीकडे बोट दाखवण्याआधी त्या पाचवीत कुठे होत्या हे पाहावे. पुण्यात १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘संगम’ हे जागतिक गाईड केंद्र सुरू झाले. जगातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक आपल्या राज्यात आहे याचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो योग्य आहे. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. मोरगिरीकडच्या एखाद्या वाडीवरची बुलबुल मात्र चौथी झाल्यावर मोरणा नदीच्या पलीकडच्या पथकात पोचत नाही, हे अंतर आधी मोजायला हवे.

रेंजरचा टप्पा इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. अकरावी-बारावीला, महाविद्यालयात मुलगी पोचली म्हणजे तिथे राष्ट्रीय सेवा योजना असते, इतर वाटा असतात, आणि तोपर्यंत ती स्वतः निवड करू शकते. दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट तशी नाही.

केंद्रावरची फ्लॉक आणि फेब्रुवारीतला विधी या सगळ्याला फारसा खर्च नाही, पण एक कागद लागेल. आज फ्लॉक सोडताना मुलीबरोबर काहीच जात नाही. प्रत्येक केंद्राने मार्चअखेर चौथीतल्या बुलबुलांची यादी करावी : नाव, शाळा, मिळालेले पंख, पाचवीसाठी कोणत्या विद्यालयात जाणार आणि तिला आवडणारी एक गोष्ट. निकाल लागताना केंद्रप्रमुखाने ही यादी त्या त्या विद्यालयाच्या गाईड कॅप्टनच्या हाती द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ज्या विद्यालयात गाईड पथक नाही तिथे ती मुख्याध्यापकांकडे जावी, म्हणजे पथक का नाही हा प्रश्न दरवर्षी निदान एकदा त्यांच्या टेबलावर येईल. नारळी पौर्णिमेनंतर पावसाचा जोर उतरला की कॅप्टनने यादीतल्या किती मुली पथकात आल्या ते लिहून केंद्राला परत पाठवावे. ज्या आल्या नाहीत त्यांच्या नावापुढे कारण लिहावे : गाडी नाही, घरी लहान भाऊ आहे, गणवेशाला पैसे नाहीत, शाळाच बदलली. पाच-सहा वर्षांच्या अशा याद्या एका फाईलमध्ये जमल्या, तर पुढच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला पदाधिकाऱ्यांच्या नामावलीखेरीज आणखी काही हाताशी राहील.